सैनिकाच्या घरची पाटी

पावसाळ्यात लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या मोटारींची रीघ लागते. त्याच वाटेवर भारतीय नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था आहे, याचे भान त्या गर्दीतील किती जणांना असते कोण जाणे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, म्हणजे इंग्रजी अमदानीतच, ही संस्था सुरू झाली आणि तिला नाव पडले ते शिवरायांचे. गेली आठ दशके आपल्या युद्धनौकांची यंत्रे सांभाळणारे हात येथे तयार होत आले आहेत. खाली उतरावे तो तळेगाव दाभाडे येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ, सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन, देहूरोडला दारूगोळ्याचे आगार. ज्या वडगावात जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजी फौजेला मराठ्यांपुढे शरणागतीचा तह करावा लागला, ते वडगाव आज तालुक्याचे ठाणे आहे. थोडक्यात, मावळला गणवेशाचा शेजार नवा नाही.

परंतु या शेजाराला दोन बाजू आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून नेमणुकीवर मावळात आलेला सैनिक ही एक बाजू, आणि मावळातून देशाच्या सीमेवर गेलेला सैनिक ही दुसरी. पहिल्याचे मूल आयएनएस शिवाजीच्या केंद्रीय विद्यालयात शिकते. ते योग्यच आहे. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये, यासाठीच त्या शाळा निघाल्या. दुसऱ्याचे घर मात्र आंदर मावळ, नाणे मावळ वा पवन मावळातल्या एखाद्या वाडीवर असते. तो सीमेवरील चौकीत. तेथे बायकामुलांना नेता येत नाही, म्हणून कुटुंब गावातच. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे कामशेत, वडगाव किंवा तळेगावला. दहावीनंतर काय, हा प्रश्न त्या घरात ज्या वर्षी उभा राहतो, नेमक्या त्याच सुमारास बाप सेवानिवृत्त होऊन परत आलेला असतो. आजच्या विवेचनाचा रोख या योगायोगाकडे आहे. खरे तर हा योगायोगही नव्हे. व्यवस्थेची रचनाच तशी आहे.

सैन्यातील सामान्य जवान पंधरा ते वीस वर्षांच्या सेवेनंतर, पस्तीस ते चाळीस या वयात घरी येतो. इतर सरकारी कर्मचारी याच वयात बढतीची वाट पाहत असतो. सेवेत असेपर्यंत जवानाला दोन अपत्यांसाठी शिक्षणभत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो दरमहा २,२५० रुपये केला आणि महागाईभत्त्याने पन्नास टक्क्यांची मर्यादा गाठल्यावर १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. शाळेच्या वह्यापुस्तकांना तो पुरेसा आहे. पण सेवा संपली की भत्ता संपतो, आणि तेव्हा थोरले अपत्य सातवीत, आठवीत असते. अभियांत्रिकी, परिचर्या, औषधनिर्माण यांचे शुल्क अजून पुढे उभे असते. ज्या काळात खर्च किरकोळ तेव्हा शासनाचा हात पाठीवर, आणि खर्चाचा डोंगर समोर आला की तोच हात आखडता, असा हा प्रकार आहे.

मग काहीच नाही का? आहे. २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना चालू आहे. १९६२ मध्ये चिनी आक्रमणाच्या वेळी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून तिचा पैसा येतो. मे २०१९ मध्ये दुसऱ्यांदा सत्तारूढ होताच पंतप्रधान मोदी यांनी पहिला निर्णय घेतला तो या योजनेचा: मुलांची शिष्यवृत्ती दरमहा २,००० वरून २,५०० आणि मुलींची २,२५० वरून ३,००० रुपये झाली. निर्णय स्तुत्य होता आणि सैनिकांच्या घरांत त्याचे स्वागतही झाले. तथापि माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी या शिष्यवृत्त्या देशभरात वर्षाला साडेपाच हजार. दरवर्षी निवृत्त होणारे सैनिक साठ हजारांच्या घरात. शिवाय ती व्यावसायिक पदवीलाच लागू आहे आणि पात्रतेला बारावीत साठ टक्के गुण हवेत. वाडीवरच्या मुलीने पंचावन्न टक्के मिळवून कला शाखेची पदवी घ्यायची म्हटली, तर तिच्या वडिलांनी सियाचीनवर काढलेले हिवाळे येथे मोजले जात नाहीत.

दुसरी सोय केंद्रीय सैनिक मंडळाच्या शिक्षण अनुदानाची. हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांना पदवीपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी ही रक्कम दुप्पट केली आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती लागू झाली. याचा पैसा ध्वजनिधीतून येतो. म्हणजे दरवर्षी ७ डिसेंबरला शाळकरी मुले छातीला चिमुकला ध्वज लावून डबा फिरवतात, त्या परंपरेतून. महाराष्ट्रात व्यावसायिक महाविद्यालयांच्या प्रवेशात सैनिकांच्या पाल्यांसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. पुण्यात राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय आहे आणि विभागामार्फत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालविली जातात. योजना आहेत, माणसेही आहेत. पण या सर्वांचे स्वरूप अनुदान, सवलत, शिष्यवृत्ती असे आहे. मागणाऱ्याने मागावे, निकषात बसावे, निधी असेल तर मिळावे. सैनिकाने पंधरा-वीस वर्षांत काही कमावले आणि ते त्याच्या नावावर जमा आहे, ही भूमिका त्यात कोठेच नाही.

या भूमिकेच्या अभावी काय होते, ते २०१७ मध्ये दिसले. युद्धात कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या वा अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचे संपूर्ण शुल्क, वसतिगृह, पुस्तके, गणवेश यांचा भार सरकारने उचलावा, अशी व्यवस्था १९७१ च्या युद्धानंतर झाली. पंचेचाळीस वर्षे ती निर्वेध चालली. १३ सप्टेंबर २०१७ च्या एका आदेशाने शुल्क व वसतिगृह मिळून दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. वाचणारी रक्कम देशाच्या संरक्षणखर्चात नजरेलाही न येणारी. तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले, माजी सैनिकांनी आवाज उठविला आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने ती मर्यादा मागे घेतली. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून अशा आदेशाकडे डोळेझाक करणे आम्हांला मान्य नाही. चूक दुरुस्त झाली याचे समाधान आहे. परंतु ज्या सवलतीला सरकारच्या एका परिपत्रकाने कात्री लागू शकते, तिला हक्क म्हणत नाहीत.

आणि हक्काची ही कल्पना आम्हांला परदेशातून आणावी लागते, असेही नाही. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. अफझलखानाच्या पारिपत्यानंतर महाराजांनी काय केले, हे त्याने नोंदवून ठेवले आहे. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेऊन चालविले. ज्यांना मूल नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखमेच्या मानाने होन दिले. प्रतापगडाच्या पायथ्याशी विजयाचे नगारे वाजत असताना हा हिशेब झाला, हे विशेष. सैनिकांना वतने व सरंजाम तोडून देण्याऐवजी रोख वेतन देणारा हा राजा होता. जमिनीचा वारसा त्याने थांबविला, पण शौर्याचा वारसा सैनिकाच्या घरात पोहोचता केला. रायबाचे लग्न राहिले होते ते तान्हाजीनंतर महाराजांनी स्वतः लावून दिले, अशी परंपरा सांगते. त्या हकिगतीवर कीर्तनात डोळे पुसणारा समाज आपण आहोत. आजच्या रायबाच्या महाविद्यालयीन शुल्काचे काय, हा त्याच हकिगतीतला पुढचा प्रश्न आहे.

अमेरिकेने हा प्रश्न आपल्या व्यवहारी पद्धतीने सोडविला. दुसरे महायुद्ध संपण्यापूर्वीच, १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणासाठी तेथे कायदा झाला. सुमारे ७८ लाख माजी सैनिक त्या कायद्यान्वये शिकले, आणि १९४७ मध्ये तेथील महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. अमेरिकेचा युद्धोत्तर मध्यमवर्ग घडविण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढे २००९ पासून या तरतुदीत एक नवी गोष्ट आली. सैनिकाला मिळणारे छत्तीस महिन्यांचे शिक्षण त्याने स्वतः न घेता पत्नीला वा मुलांना देता येते. त्यासाठी किमान सहा वर्षांची सेवा झालेली हवी आणि आणखी चार वर्षे सेवा करण्याचे वचन हवे. हे हस्तांतर सेवेत असतानाच करावे लागते. घरी गेल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. या तरतुदीत भावनेचा लवलेश नाही. अनुभवी सैनिक सैन्यात टिकवायचा, तर त्याच्या मुलांच्या भवितव्याची हमी द्यावी, असा तो रोखठोक हिशेब आहे. पण त्यातील एक मूळ गोष्ट आपण घेण्यासारखी आहे: शिक्षणाचा हक्क सैनिकाच्या नावावर आधी जमा होतो, तो कोणाला द्यायचा हे तो सैनिक ठरवितो.

जशीच्या तशी उचलू नये, अशीही एक गोष्ट तेथे आहे. अमेरिकन कायद्याच्या लेखी सैनिकाचे कुटुंब म्हणजे पत्नी आणि अपत्ये. आमच्याकडे मावळातील कोणत्याही सैनिकाच्या घरात डोकावून पाहावे. थोरला मुलगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती होतो तो पुष्कळदा धाकट्यांसाठी. भातशेती खाचरापुरती, तीही वाटण्यांनी तुटलेली. काही जमिनी धरणाखाली गेल्या, काही महामार्गाखाली, काही दुसऱ्या घरांच्या हौसेपायी विकल्या गेल्या. विकल्याचा पैसा किती दिवस टिकला, हे त्या त्या गावाला ठाऊक आहे. अशा घरात थोरल्याच्या पगारातून बहिणीची डी.एड. होते, धाकट्याची आय.टी.आय. होते, मग तिचे लग्न, मग घराचे पत्रे, आणि अखेर त्याचा स्वतःचा संसार. एकत्र कुटुंब मोडले, अशी हाकाटी शहरात नेहमी होते. सैनिकाच्या मनीऑर्डरीने आणि आता बँकखात्याने ते खेड्यात बरेचसे सांभाळून ठेवले आहे. हिंदू कुटुंबपद्धतीवर व्याख्याने देणाऱ्या आम्हां मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

सरकारी कागदावर मात्र या बहिणीला, या धाकट्या भावाला जागा नाही. अविवाहित सैनिक सीमेवर कामी आला, तर १९७१ नंतरची ती शिक्षण-सवलत त्याच्या घरात कोणालाच मिळत नाही, कारण ती मुलांसाठी आहे आणि त्याला मुले नाहीत. नुकसानभरपाईची रक्कम आईवडिलांना मिळते हे खरे. ती कर्जफेडीत, घरबांधणीत जाते आणि जिच्या शिक्षणासाठी तो गेला होता ती बहीण बारावीनंतर घरी बसते. रक्कम देणे आणि शिक्षण देणे यांत हा फरक आहे.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे तो अग्निवीरांमुळे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. सैन्य तरुण राहावे, वेतन-निवृत्तिवेतनात अडकलेला पैसा शस्त्रसामग्रीकडे वळावा, ही तिची कारणे समजण्यासारखी आहेत आणि त्यांवर आम्ही यापूर्वी पक्षीय गदारोळात सामील झालो नाही, आजही होत नाही. पण चार वर्षांचा काळ लवकर सरतो. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस व जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६-२७ या काळात पुरी होतात. त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील. उरलेले बाविशी-पंचविशीतले तरुण सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या बहुतेक योजनांची दारे त्यांच्या घरांना बंद आहेत. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखीव ठेवल्या आहेत. सेवेतील प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक धरणारा खास पदवी-अभ्यासक्रम इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने आखला आहे. दहावी उत्तीर्ण होऊन आलेल्याला बारावीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. हे सर्व चांगलेच आहे. परंतु बावीस वर्षांचा हा मुलगा बहुधा अविवाहित असतो. त्याचे कुटुंब म्हणजे आईवडील आणि शिकणारी भावंडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराने सियाचीनवर प्राण ठेवले. मोहिमेवर असताना मरण आलेला तो पहिला अग्निवीर. त्याच्या घरीही आईवडीलच होते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक सैनिकाच्या नावे, अग्निवीर धरून, शिक्षणाचे खाते असावे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला नऊ महिन्यांचे शिक्षण त्यात जमा व्हावे आणि छत्तीस महिन्यांवर मर्यादा असावी. अग्निवीराची चार वर्षे पुरी झाली की एका पदवीपुरते शिक्षण त्याच्या पदरी असेल. शासकीय वा अनुदानित संस्थेतील शुल्क आणि वसतिगृह एवढाच खर्च त्यात धरावा, आणि तो थेट संस्थेला जावा. रोख पैसा हाती पडला की त्याला वाटा फुटतात, कधी दलालही फुटतात. हे शिक्षण सैनिकाने स्वतः घ्यावे, किंवा पत्नी, मुले, सख्खी भावंडे यांपैकी ज्याला द्यायचे त्याला द्यावे. त्याची नोंद सेवेत असतानाच व्हावी आणि सैनिकाला ती केव्हाही बदलता यावी. वीरमरण आले तर सेवा कितीही कमी झालेली असो, पूर्ण छत्तीस महिने जमा धरावेत. सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी आणि त्याचे आईवडील यांच्यात रकमेवरून दुरावा येण्याचे प्रसंग घडतात. त्यावर जाहीर बोलणे कोणालाच आवडत नाही. निदान शिक्षण कोणाचे, हे त्याने हयातीतच लिहून ठेवलेले असले, तर त्या दुःखात एक वाद कमी होईल.

खर्चाचा आक्षेप येणार. शासकीय महाविद्यालयांत या मुलांचे शुल्क भरणे म्हणजे सरकारच्या एका खिशातले दुसऱ्या खिशात घालणे आहे. वसतिगृहाचा खर्च तेवढा खरा. ‘राष्ट्रसेवेचे मोल पैशात करू नये’ असा दुसरा एक उदात्त आक्षेप आमच्याच काही ज्येष्ठांकडून ऐकू येतो. तो सैनिकाने स्वतः घ्यावा, त्याच्या घरच्यांच्या वतीने आपण घेऊ नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जे आहे तेही पदरात पडत नाही, ही मावळातली वस्तुस्थिती आहे आणि तेथे आपल्या कार्यकर्त्यांना काम आहे. मुलाच्या जन्माची नोंद सैन्यदप्तरी ‘पार्ट टू ऑर्डर’ने व्हावी लागते. ती झाली नसेल, किंवा तेथे एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असेल, जन्मतारखेत फरक असेल, तर शिष्यवृत्तीचा अर्ज तेथेच अडतो. अर्ज आता संगणकावर भरायचा असतो आणि मुदत ठरलेली असते. नवरा सीमेवर आणि बाई नाणे मावळात. ती दुरुस्तीसाठी आधी तालुक्याला, मग लोकलने पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाते. तिथला कर्मचारी सांगतो ते खरेच असते, की दुरुस्ती अभिलेख कार्यालयातून व्हायला हवी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते कार्यालय बेळगावला. मजुरीचा दिवस बुडवून दोन खेपा झाल्या की तिसरी होत नाही. अखिल भारतीय पूर्व सैनिक सेवा परिषदेची मंडळी असे कागद सोडवून देण्याचे काम जाणतात. प्रत्येक मोठ्या गावातील शाखेने आपल्या भागातील सेवारत व निवृत्त सैनिकांची घरे मोजावीत, मूल आठवीत जाण्यापूर्वी कागद तपासून घ्यावेत आणि ज्याला दुरुस्ती हवी त्याला पुढच्या सुटीत ती करून घ्यायला सांगावे. यासाठी भाषणाची गरज नाही, वहीची आहे.

भावंडांसाठी मात्र आज कोणतीच योजना नाही. तेथे समाजानेच उभे राहावे लागेल. तळेगावला त्याचा पूर्वानुभव आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावात काचेचा कारखाना निघाला. त्याच तळेगावात विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षण देत होते आणि इंग्रजांनी ते १९१० मध्ये बंद पाडले. आज मावळात पैसा तेव्हापेक्षा कितीतरी अधिक आहे. महामार्गालगतच्या एकेका बंगल्याच्या कुंपणाच्या खर्चात दोन मुलींची पदवी होईल. येत्या ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे संकलन नेहमीप्रमाणे करावेच. त्यासोबत लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव येथील कार्यकर्त्यांनी सैनिकांच्या शिकणाऱ्या बहीणभावांची एक यादी करावी आणि येत्या जूनमध्ये त्यांच्यापैकी कोणाचे शुल्क कोण भरणार, ते त्या यादीपुढे नाव घालून लिहावे.